वेळेची ओळ

३ फेब्रुवारी

भोंग्या,

हे पत्र मी लिहिलेलं नाही, पलटणीच्या ऑफिसातल्या कारकुनाने माझ्याकडून लिहून घेतलंय असं समज. सोबत एक फॉर्म आहे. वर ‘साक्षीदाराचे निवेदन’ असं छापलंय. ओढ्यात गोळीबार चालू असताना मी तुम्हा चौघा जखमींना बाहेर काढलं, त्याबद्दल दीड वर्षाने वरच्या लोकांना जाग आली आहे आणि मला पदक द्यायचं त्यांच्या मनात आहे. त्यासाठी चौघांपैकी एकाची सही लागते. वायरलेसवाला परदेशी गेला. छोट्या साहेबांचा हात अजून थरथरतो. स्वयंपाक्याने सही करता करता कागदावर चहा सांडला, म्हणून कारकुनाने तो फॉर्म बाद केला. राहिलास तू.

मजकूर कारकुनानेच टाइप केलाय. ‘सदर सैनिकाने स्वतःच्या जिवाची पर्वा न करता’ वगैरे. पर्वा केली होती, चारही वेळा केली होती, पण त्याच्याकडे तसा रकाना नाही म्हणाला. तू नजर टाक आणि सही कर. खाली दोन ओळी मोकळ्या आहेत, काही लिहायचं असेल तर तिथे लिही. वेळेची ओळ मात्र आहे तशी राहू दे. ‘मांडीला पट्टा बांधल्याची वेळ नऊ पंचवीस’ हे दवाखान्याच्या कागदावरून घेतलंय, त्यात तुला बघण्यासारखं काही नाही.

इकडे ठीक आहे. मी त्याच इस्पितळात माणसं वॉर्डातून एक्स-रेला आणि एक्स-रेवरून वॉर्डात ढकलतो. पलटणीत स्ट्रेचर उचलायचो म्हणून तुम्ही मला हमाल म्हणायचात, आता पगारपत्रकावरच तसं लिहिलेलं आहे. तुझी बहीण घरी शिवणकाम करते. तिने तुझ्यासाठी पाठवलेल्या दोन पँटी परत आल्या. डावा पाय तिने नेहमीसारखा गुडघ्याखाली दुमडून शिवला होता, आणि पार्सलवर तुझ्या अक्षरात होतं, ‘आता दोन्ही पाय लागतात, एक लाकडी आहे.’ ती हसली. मग बराच वेळ उसवत बसली.

सही करून पाठव.

तुझा मेहुणा


१२ फेब्रुवारी

भोंग्या,

उत्तर नाही. फॉर्म पोचला असं धरतो, कारण पाकीट परत आलेलं नाही.

स्वयंपाकी येऊन गेला. तुला बघून आला म्हणे. बोटीच्या धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीत बसतोस, काचेला खाली अर्धगोल भोक आहे, त्यातून तिकीट सरकवतोस. त्याने तुला बोलतं करायला मुद्दाम घोळ घातला. सुटे नाहीत, बोट कुठली, परतीची कधी. तू एक अक्षर बोलला नाहीस, बोटाने भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलंस. तीन खंदक पलीकडे ज्याचा आवाज जायचा, म्हणून आपण ज्याला भोंगा म्हणायचो, त्याची वायर कोणी तोडली, असं म्हणून तो माझ्यावरच डाफरला. जसा काही मी खिशात पक्कड घेऊन फिरतोय.

मी हे इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहून लिहितोय. हल्ली बसवत नाही. बसलो की पाय हलतो, आणि पाय हलला की तुझी बहीण मशीन थांबवून माझ्याकडे बघते. इस्पितळात लिफ्ट बंद असली की बाकीचे कुरकुर करतात, मला बरं वाटतं. परवा दुपारी काही काम नव्हतं तर सगळ्या स्ट्रेचरच्या चाकांचे स्क्रू आवळत सुटलो. मेट्रन म्हणाली, तुम्ही असेच आवळत राहिलात तर एक दिवस चाकं फिरायची थांबतील.

तू का बोलत नाहीस ते मला कळतं. चौघांत तुला शेवटी नेलं. निघताना स्टेशनवर तुझ्या बहिणीने माझा हात धरून सांगितलं होतं, दादाला सांभाळून आणा. आणि मी बाकी तिघांना आधी उचललं.

आमचे शिकवणारे उस्ताद स्ट्रेचरवाल्यांना पहिल्याच दिवशी सांगायचे की ओरडणाऱ्याला श्वास आहे, तो थांबू शकतो. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा. मी तेच केलं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तुम्ही चौघं आणि रस्त्याखालच्या मोरीपर्यंत एकशेदहा पावलं. ती मी मागून मोजली, तेव्हा मोजायचं कोणाला सुचतंय. पहिल्यांदा वायरलेसवाला, कारण तो पालथा पडला होता आणि हलत नव्हता. त्याला पाठीवर घेतलं तर त्याचं यंत्रही पाठीवर आलं, पट्टे सोडवत बसायला सवड नव्हती. मग स्वयंपाकी. दोन्ही मांड्यांत छर्रे, डोळे मिटलेले. तो अर्ध्या वाटेत शुद्धीवर आला आणि माझ्या मानेला असा लटकला की मी गोळीने नाही, याच्या हातून मरतो असं वाटलं. मग छोटे साहेब, छातीत भोक, ओठ निळे. गोळीबार वाढला की दगडाआड पडून राहायचं, जरा थांबला की निघायचं. एकेका खेपेला तास गेला. चौथ्या खेपेला तू.

तू ओरडत होतास म्हणून तू शेवटी. त्यात दुसरं काही नव्हतं.

काल हाडांच्या डॉक्टरांना जिन्यात गाठलं. एका पेशंटचं आहे म्हणून विचारलं, रक्त थांबवायला मांडीला आवळलेला पट्टा सहा तासांवर राहिला तर? म्हणाले, पाय कापावाच लागतो. आणि तीन तास? ‘प्रयत्न केला असता. जमलंच असतं असं नाही.’ कुठल्या वॉर्डातला पेशंट, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डिस्चार्ज घेऊन गेला.

हे तुला का लिहितोय कोण जाणे. पेन हातात आहे म्हणून.

मेहुणा


२१ फेब्रुवारी

भोंग्या,

फॉर्म मिळाला. सही आहे, सहीखाली तारीख आहे. बहिणीला एक ओळ नाही, मला एक शिवी नाही. आणि मोकळ्या दोन ओळींत तुझ्या अक्षरात आहे, ‘मी शुद्धीवर होतो. बाकीच्या तिघांना आधी न्या, असे मीच ओरडून सांगितले.’

मी ते दारातच उभ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. तुझ्या बहिणीने माझ्या हातातून घेतलं आणि ती रडली, कौतुकाने. शेजारणीला दाखवून आली. दादा लहानपणापासून असाच, म्हणाली. कारकुनालाही ते भलतंच आवडेल, त्याचा तो वेगळा परिच्छेद करेल.

भोंग्या, मी तिथे होतो.

फॉर्म माझ्या खिशात आहे. अजून दिलेला नाही.

मेहुणा


२४ फेब्रुवारी

भोंग्या,

तीन दिवस फॉर्म खिशात घेऊन फिरतोय. घडीवर चिरा पडायला लागल्या. आज रजा टाकली, आणि आता टपाल कार्यालयातल्या उंच टेबलाशी उभा आहे, जिथे दोरीला पेन बांधलेलं असतं. दोरी आखूड आहे, अक्षर वाकडं येईल, चालवून घे.

तू काय ओरडत होतास ते मला पाठ आहे. आधी नुसतं माझं नाव. मग मला शिव्या, त्यात माझ्या खानदानाचाही उद्धार झाला. ते ऐकून मला बरं वाटलं, म्हटलं याच्यात बराच दम आहे. मग तिसऱ्या खेपेला मी छोट्या साहेबांशी गुडघे टेकले, तुझ्यापासून चार हातांवर, आणि तू म्हणालास, ‘भावोजी.’ लग्नाला तीन वर्षं झाली होती, तोवर तू ते फक्त माझी खेचायला म्हणायचास. ‘भावोजी, मला ने. तो गेलाय, त्याला राहू दे. मला ने.’

ते गेलेले नव्हते. मी त्यांना उचललं आणि तुझ्याकडे बघितलं नाही.

एवढ्यासाठी तू दीड वर्ष काचेमागे बसलायस का? मी समजत होतो तुला राग आहे. राग असता तर तू फॉर्म फाडून पाठवला असतास. तुझी ओळ वाचल्यावर मला कळलं की तुला माझ्यासमोर यायला नको वाटतं, कारण ते वाक्य ऐकणारा मीच एकटा आहे. छोट्या साहेबांना काही आठवत नाही. तर ऐक. मी ज्यांना ज्यांना उचललं त्यातला शुद्धीवर असलेला एकही माणूस ‘आधी त्याला न्या’ असं म्हणालेला नाही. ते कागदावर म्हणतात. मी स्वतः दगडाआड पडलो होतो तेव्हा आईला हाका मारत होतो. तू माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होतास म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही, एवढंच.

तुझा राग मला सोयीचा होता, हेही लिहून टाकतो. शेवटी नेलं म्हणून रागावलाय, असं मी तुझ्या बहिणीला सांगितलं, स्वयंपाक्याला सांगितलं, स्वतःला सांगितलं. शेवटी नेलं ते बरोबर होतं. त्याचा राग अंगावर घ्यायला मला काही जड जात नव्हतं. दुसरं जे आहे ते त्यामागे झाकून जात होतं.

आता ते दुसरं.

मी तुझ्यापाशी आलो तेव्हा तू दोन्ही मुठींनी गुडघ्याखाली दाबून धरलं होतंस. रक्त झिरपत होतं, वाहत नव्हतं. तुला काखेत धरून ओढताना ती पकड सुटली आणि चिळकांडी उडाली. मोरीत पोचल्यावर मी मांडीला पट्टा आवळला. पट्टा बांधला की घड्याळ बघायचं आणि जखमीच्या कपाळावर वेळ लिहायची, म्हणजे पाय किती वेळ बिनरक्ताचा आहे ते डॉक्टरला कळतं. हे आम्हाला इतकं घोटवून घेतलंय की त्याला डोकं लागत नाही. बांध, बघ, लिही. विचार करत बसलास तर माणूस जाईल, असं उस्ताद म्हणायचे. मी बांधलं, बघितलं, लिहिलं. नऊ पंचवीस.

घड्याळ पहिल्याच खेपेला दगडावर आपटून बंद पडलं होतं.

वायरलेसवाला तोवर शुद्धीवर आला होता आणि पडल्या पडल्या खबर देत होता. चौथा माणूस आणला, ही त्याची नोंद बारा पस्तीसची आहे. पट्टा त्यानंतर पाच मिनिटांनी बांधला. तू डॉक्टरांच्या टेबलावर गेलास तेव्हा पावणेचार वाजले होते आणि त्यांच्यापुढे अकरा जखमी होते. त्यांनी तुझं कपाळ वाचलं आणि सहा तास वीस मिनिटं धरली. खरे तीनच तास झाले होते, वर पाच मिनिटं.

संध्याकाळी डॉक्टर हात धूत होते. मला म्हणाले, तू त्याला नीट बांधून आणलंस, पण नऊ पंचवीसपासूनचा पट्टा, काही करता आलं नाही. मी मनगट बघितलं. काटे तिथेच होते. मी बाही खाली ओढली.

त्या वेळी तोंड उघडून उपयोग नव्हता, पाय गेलेला होता, असं मी पुष्कळदा स्वतःला समजावलं. पण तू शुद्धीवर आलास तेव्हा उघडता आलं असतं. तू विचारलं होतंस, काही मार्ग नव्हता का रे? मी म्हटलं, नव्हता.

वाचला असता का, माहीत नाही. गेल्या पत्रातला तो पेशंट तूच. जिन्यातले डॉक्टर जे म्हणाले तेवढंच मला ठाऊक आहे.

हे पाकीट मी इथेच चिकटवून पेटीत टाकतोय. घरी नेलं तर फाडेन.

मेहुणा


२ मार्च

भोंग्या,

तुझ्या बहिणीला सांगितलं. तुला आधी सांगितलं हे चूक की बरोबर मला कळत नाही, तिच्या मते चूक.

ती कोणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत होती. मी मशीनशेजारी उभा राहून सगळं सांगितलं, घड्याळ, कपाळ, डॉक्टर, बाही. शिवण संपेपर्यंत तिने मशीन थांबवलं नाही. मग दोरा तोडला, पडदा घडी करून ठेवला.

‘दीड वर्ष मी त्याच्या पँटीचा एक पाय दुमडून शिवतेय,’ ती म्हणाली, ‘आणि तुम्ही मला सुईत दोरा ओवून देत होतात.’

तिने विचारलं, वाचला असता का? मी म्हटलं, माहीत नाही. ‘हे तरी खरं सांगताय ना?’ मी म्हटलं, हो. दुकानात कापड पिळून बघतात तशी तिने माझ्याकडे नजर टाकली. तेव्हापासून कामापुरतं बोलते. सिलिंडर संपलाय. दार ओढून घ्या. पडद्यांचं गिऱ्हाईक येईल, बाहेर थांबा. मी बाहेर थांबतो. गल्लीच्या टोकापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो. कोपऱ्यावरचा चप्पल शिवणारा म्हणाला, काय हो, पहाऱ्यावर नेमलंय का तुम्हाला?

काल ऑफिसात गेलो. फॉर्मवरच्या वेळेच्या ओळीवर काट मारली, वर लिहिलं ‘बारा चाळीस’, आणि समासात कारण दिलं की घड्याळ बंद होते, माझी चूक. कारकुनाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. म्हणाला, अहो, पदकाच्या कागदावर कोणी चूक लिहितं का, चुकांचं टेबल वेगळं आहे, खाली तळमजल्यावर. चांगला माणूस आहे, मला वाचवत होता. नवा फॉर्म देतो, जुनीच वेळ टाका, कोण बघतंय, असंही म्हणाला. मी म्हटलं, ज्याचा पाय गेला तो बघतोय.

ऑफिसचे मोठे साहेब आत होते, त्यांना ऐकू गेलं. त्यांनी बोलावून घेतलं. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले की हे वर पाठवावं लागेल, आणि मग पदकाचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. मी म्हटलं, नका सांगू. बाहेर आल्यावर पायऱ्या दोन दोन करत उतरलो, खाली पोचल्यावर लक्षात आलं की टोपी वर राहिली. आणायला गेलो नाही.

तुझी ओळ तशीच आहे. तिच्याखाली ‘वरील मजकूर बरोबर आहे’ म्हणून माझी सही लागत होती. केली. माझ्याकडून ती ओळ कधीही खोटी ठरणार नाही, एवढी खात्री बाळग.

मेहुणा


७ मार्च

भोंग्या,

काल तू फोन केलास. काय बोललो ते तुला ठाऊक आहे, पण तू ठेवल्यावर इथे काय झालं ते ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

तुझा आवाज आहे हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. ती वीस मिनिटं बोलली, म्हणजे बहुतेक ऐकत होती, मधे एकदा ‘जेवतोस का वेळेवर’ म्हणाली. मी दारात उभा. माझ्या हातात फोन देईल असं मला वाटलं नव्हतं. तिने दिला.

तू विचारलंस, ‘बारा चाळीस नक्की?’

‘नक्की.’

‘म्हणजे तीन तास.’

‘तीन तास पाच मिनिटं.’

मग तुझ्याकडे कोणीतरी काच वाजवली, दोन तिकिटं मागितली, तू दिलीस. सुटे पैसे मोजल्याचाही आवाज आला. मी हललो नाही. दीड वर्षात एका जागी इतका वेळ बहुधा तेवढाच उभा होतो.

‘माझी ओळ?’ तू म्हणालास.

‘तशीच आहे.’

‘ती पण खोड.’

मी म्हटलं, राहू दे रे, तिने कोणाचं काय बिघडतंय. तू म्हणालास, ‘माझं बिघडतंय. खोड,’ आणि ठेवून दिलास.

तुझ्या बहिणीने विचारलं, कुठली ओळ? शेजारणीला दाखवून आली होती तीच, हे मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, ते दादा सांगेल तुला, त्याला सांगावंसं वाटलं तर. ती म्हणाली, बरं. आठवड्यात पहिल्यांदा तिने जेवणाची दोन ताटं एकदम वाढली.

आज सकाळी पुन्हा ऑफिसात गेलो. कारकून मला बघूनच उभा राहिला. तुझी ओळ खोडायची म्हटल्यावर म्हणाला, तुम्हा दोघा मेहुण्यांना पदक नकोच असेल तर सरळ सांगा, मी फाइलला गाठ मारतो आणि वर ठेवून देतो. मी म्हटलं, हवं की नको ते वरचे ठरवतील, कागद बरोबर पाहिजे. त्याने नवा फॉर्म टाइप केला. बारा चाळीस. घड्याळाचं कारण. खालच्या दोन ओळी मोकळ्या. ‘जिवाची पर्वा न करता’ हेही काढायला सांगितलं, तेवढं मात्र त्याने ऐकलं नाही.

या फॉर्मवर तुझी सही लागेल. टपालाने पाठवत नाही, रविवारी घेऊन येतो. हे पत्र शनिवारी पोचेल, म्हणजे तुला पळून जायला एक दिवस मिळतो. तुझ्या बहिणीला म्हटलं, चल. ती म्हणाली, आधी तुम्ही दोघं काय ते भांडून घ्या, मी नंतरच्या बोटीने येते.

तुझा पाय माझ्या हातून गेला असेल. गेला नसेलही. हे आपल्याला कधी कळणार नाही, आणि त्याचं काय करायचं ते मला ठाऊक नाही. माफी मी पत्रातून मागत नाही, लिहायला फार सोपी जाते. समोर मागेन. तू नाही म्हणू शकतोस. नाही म्हणालास तरी मी लगेच निघणार नाही. तीन दिवसांची रजा टाकली आहे.

तुझा मेहुणा